काढ्याचा गुण

सोमवार, ६ जानेवारी २०२५

गोळ्या बंद! मला न विचारता, डॉक्टरांना न विचारता. ह्यांनी सकाळी बीपी मोजलं — एकशे सव्वीस, ऐंशी. मशीन माझ्या नाकासमोर धरून म्हणाले, "नॉर्मल आहे. आता गोळी कायकू?"

अहो, गोळीमुळेच नॉर्मल आहे ना! हे एकच वाक्य मी दिवसभरात किती वेळा बोलले, देव जाणे.

बावीस वर्षं कोठी भागातल्या लॅबमध्ये लोकांचं रक्त काढतेय. असा एखादा रोज भेटतो. आता घरातच निघाला.

गुरुवार, ९ जानेवारी

म्हणे, ह्यांचे वडील रोज बिडी ओढून ब्याऐंशी वर्षं जगले, एक गोळी घेतली नाही. आणि तिघं काका पन्नाशीच्या आत गेले, ते? "त्यांचं वेगळं होतं." काय वेगळं? ह्यांनी पेपर उघडला.

ऑफिसातल्या एका साहेबांना गोळ्या चालू असताना अटॅक आला, ते मात्र तारखेसकट पाठ!

बुधवार, १५ जानेवारी

बेगम बाजारातून काढ्याची पावडर आणलीय. सहा डबे! एकदम घेतली की स्वस्त पडते म्हणे. घरभर कडू वास.

आज १६८/१०२. "काढा लागू पडायला वेळ लागतो, जया." म्हणजे उतरलं तर काढ्याचा गुण, चढलं तर वेळ लागतो. बोला आता!

रविवार, १९ जानेवारी

१७४/१०६. मान दुखतेय, पण कबूल करत नाहीत. डॉक्टरांकडे चला म्हटलं तर — "एवढे डबे आणलेत, ते तर संपू देत."

"चुकून आणलं म्हणून प्यायलाच पाहिजे का?" इतकी ओरडले की शेजारच्यांनी टीव्ही बारीक केला.

सोमवार, २० जानेवारी

गोळी कुटून काढ्यात घातली. तीच, पूर्वीचीच, तेवढीच. इतका कडू काढा — काही कळलं नाही. गटागट प्यायले.

कुणालाही सांगणार नाही.

रविवार, २ फेब्रुवारी

१३२/८४. काय तो चेहरा! "बघ! आणि म्हणे लॅबवाली!"

ओठांवर आलेलं गिळलं. मारू देत बढाया. माणूस जगला म्हणजे झालं.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

ह्यांनी वही केलीय. रोज बीपी मोजायचं, तारीख टाकून लिहायचं, वर लाल पेनने रेघ. ती वही ऑफिसात फिरते! "पुरावा आहे," म्हणतात. ज्यांनी आयुष्यात कधी पुरावा मागितला नाही ते!

संध्याकाळी संभाजीभाऊ आले. ह्यांच्या शेजारच्या टेबलावरचे, वीस वर्षांची दोस्ती. त्यांनाही बीपी. वही पानन् पान वाचली. मग माझ्याकडे वळून — "वहिनी, तुम्हाला यातलं कळतं. अरविंद म्हणतो ते खरं का?"

हे समोरच बसलेले. मी म्हणाले, "आकडे खरे आहेत."

जाताना एक डबा घेऊन गेले. तुमची गोळी सोडू नका हं — एवढं म्हणायचं होतं. चहा उतू गेला, आत पळाले. राहिलं.

बुधवार, १२ फेब्रुवारी

संभाजीभाऊ शहाणे आहेत. गोळी सोडायचे नाहीत. फोन केला तर उगाच विषय वाढेल.

गुरुवार, २७ फेब्रुवारी

दुपारी पार्वतीवहिनींचा — संभाजीभाऊंच्या बायकोचा — फोन, रडत. संभाजीभाऊ सकाळी आंघोळीला गेले ते तिथेच पडले. तोंड वाकडं, उजवा हात उचलत नाही, शब्द फुटत नाही. हॉस्पिटलात नेईपर्यंत शुद्धही गेली; डॉक्टर म्हणतात, मेंदूत रक्तस्राव.

"गोळ्या पंधरा दिवसांपूर्वीच सोडल्या हो त्यांनी. म्हणाले, अरविंदची वही बघितली, वहिनीपण खरं म्हणाल्या."

हे ऑफिसातून आले. खुर्चीत बसले. मग म्हणतात, "त्याने काढा नीट उकळला नसेल."

अजूनही! ताट आपटावंसं वाटलं. आणि मग वाटलं — ह्यांनी दुसरं काय म्हणावं? ह्यांच्याकडे एवढ्या दिवसांची वही आहे. त्यातला आकडा एकही खोटा नाही. ह्यांना मूर्ख म्हणता म्हणता वही मीच लिहून दिली.

शुक्रवार, २८ फेब्रुवारी

ह्यांना सांगितलं. सकाळी, काढ्याचा पेला हातात देण्याआधी.

वाटलं होतं घर डोक्यावर घेतील. नाही. एवढंच विचारलं, "संभाजी तुला विचारत होता, तेव्हा तुला ठाऊक होतं?"

मी हो म्हणाले.

पेला तसाच मोरीत ओतला. गोळी मागून घेतली, पाण्याबरोबर घेतली. चपला घालून म्हणाले, "चल. वहिनींना सांगायला हवं. तूच सांग."

शनिवार, १ मार्च

संभाजीभाऊ शुद्धीवर आले. पार्वतीवहिनींनी ह्यांना आत जाऊ दिलं. मला नाही.