रेकॉर्डिंगमधला श्वास

अहो, नमस्कार मागाहून, आधी तुमच्या लेकीचं ऐका. फोनवर ती शेजारीच असते, म्हणून लिहितेय.

इथे रेकॉर्डिंगला माझ्या बांगड्यासुद्धा काढायला लावल्या. आवाज येतो म्हणे! भुंड्या हातांनी कोपऱ्यात बसते. एवढा मोठा ऑर्केस्ट्रा, पुढे आपली पोर सेलो घेऊन. वाजवते छान, त्याची काळजी नको.

पण डावा हात सुजलाय. तिची वेणीसुद्धा आता मीच घालते. डॉक्टरकडे चल म्हटलं की, "रेकॉर्डिंग संपू दे. आणि बाबांना सांगू नकोस."

काल वाजवलेलं सगळ्यांना ऐकवलं. मधेमधे हिचा श्वास ऐकू येतो. रेकॉर्डिंगवाला म्हणाला, "राहू दे, जिवंत वाटतं." जिवंत कसलं डोंबलाचं! लहानपणी गुडघा फुटला की दात आवळून अस्साच श्वास घ्यायची. मी बोलले तर म्हणते, "आई, गप बस गं."

तुम्ही गोळ्या घेता ना वेळेवर?

पाच तारखेला सगळ्यात मोठा भाग एकटीने वाजवायचाय. पोरीची रेकॉर्ड निघणार असं तुम्ही गल्लीभर सांगून ठेवलंत, म्हणून ती थांबत नाही. तुम्हाला रेकॉर्ड हवी की पोरीचा हात, ते चार तारखेच्या आत तिला फोन करून सांगा.

तुमची,
पोरीची आई