कठडा नव्हता, माय

माय, आज देऊळघाटात एका घराचा स्लॅब टाकायचा होता, तो मी टाकू दिला नाही. आता दुपार झाली आहे. स्लॅबची टोळी कडुलिंबाखाली पंगत धरून रोडगे खात बसली आहे, मिक्सर मशीन कोपऱ्यात गप्प उभं आहे, आणि मी बांधकामाभोवती लावलेल्या हिरव्या जाळीच्या आत रेतीच्या ढिगाला टेकून हे लिहीत आहे. या जाळीतून ऊन हिरवं होऊन आत येतं. त्या उजेडात बसलं की मला हटकून डुलकी लागते आणि डुलकीत तू येतेस. डोक्यावर घमेलं, साडीवर बाबांचा जुना शर्ट, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. तू चालतेस, पण पावलांचा आवाज येत नाही. आत्ताही येऊन गेलीस. डोळे उघडून पाहते तर समोर मालकांची शेळी, सिमेंटच्या रिकाम्या पोत्याला तोंड लावून उभी. तिला हाकललं आणि लिहायला घेतलं.

तू गेलीस तेव्हा मी दुसऱ्याच्या हाताखाली सुपरवायझर होते. आता ठेके माझ्या स्वतःच्या नावावर घेते. बुलढाण्यात, आसपासच्या गावांत घरं बांधते. टोळीवाले तोंडावर मॅडम म्हणतात. पाठीमागे काय म्हणतात ते सांगत नाही, तू अंगावर धावून जाशील त्यांच्या. कटकटी आहे मी, हे खरं आहे. हेल्मेट काढून डोकं खाजवणाऱ्यालाही मी बोलते.

आपल्या दोघींचं निम्मं आयुष्य लोकांच्या अर्धवट घरांत गेलं. शाळेला सुट्ट्या लागल्या की तू मला कामावर न्यायचीस. दारं नसलेल्या खोल्यांमधून मी दिवसभर हिंडायचे आणि एक खोली निवडून तिला आपलं स्वयंपाकघर म्हणायचे. दुपारी तू हात धुऊन, पदराला पुसत यायचीस, उंबरा नसलेल्या जागी उंबरा ओलांडल्यासारखा पाय उचलायचीस आणि विचारायचीस, "चूल कोठी हाय वं तुही?" मी तीन विटा दाखवायचे. तू त्या विटांपाशी बसून भाकरीचं फडकं सोडायचीस, ठेचा काढायचीस आणि माझ्याकडे तक्रार करायचीस, "भाजीत मीठ कमी पडलं बाई आज." भाजी नसायचीच. अशी किती स्वयंपाकघरं झाली आपली! पुढे त्यांत दुसऱ्यांचे ओटे आले, टाइल्स आल्या. बुलढाण्याच्या बाजारातून जाताना एखाद्या खिडकीत कुकरची शिट्टी वाजली की मला अजून वाटतं, आत तू आहेस.

एकदा मात्र मी आपलं स्वयंपाकघर ताज्या स्लॅबखाली मांडलं. वर ओलं काँक्रीट, त्याला तोलून धरणाऱ्या लाकडी बल्ल्या खाली दाटीनं उभ्या, आणि वरून थेंब थेंब पाणी. मला ते जंगल वाटलं होतं. तू वाकून आत शिरलीस, दंडाला धरून मला ओढत बाहेर काढलंस आणि पाठीत असा धपाटा घातलास की मी रडायलाच विसरले. "तथी काऊन गेली होती? वरचं सारं आंगावर आलं असतं म्हंजे?" आणि मग तूच रडायला लागलीस. मावशीनं येऊन तुला पाणी दिलं. मला मांडीवर घेतलं.

मावशी म्हणजे सख्खी नव्हे, तुझ्यासोबत घमेली वाहणारी तुझी मैत्रीण. माहेर तिचं वडनेर भोलजीचं. हसायला लागली की तिला आवरायचं नाही. मिस्त्री वैतागून म्हणायचा, "हासनं संपलं असन तं माल द्या वर." त्यावर ती अजून हसायची.

तो दिवस मी कधी मागचा म्हणून आठवतच नाही, तो चालूच असतो. ऊन चढलं आहे. तू खाली माल कालवते आहेस. मावशी पहिल्या मजल्याच्या बाहेर परांचीवर उभी आहे. परांची म्हणजे बल्ल्यांना बांधलेल्या आडव्या लाकडांवर टाकलेल्या दोन फळ्या, बाकी बाजूला हात लावायला काही नाही. मावशीच्या पाठीमागे नुसतं आभाळ आहे. रस्त्यावर घंटी वाजते. लाल, पिवळं गारीगार विकणारा सायकल टेकवून उभा आहे. मी उड्या मारते आहे. आणि तू फावडं सोडून, कपाळावर हात धरून, वर पाहून मोठ्यानं हाक मारतेस, "ये वं खाली! गारीगार आलं!" मावशी हसत वळते. मला तिचं हसणं दिसतं. त्यानंतर फळीच दिसते फक्त.

ती वाचली, पण कंबरेखालून गेली. पुन्हा उभी राहिली नाही. माहेरी भावाकडे खाटेवरच राहिली शेवटपर्यंत. दुसऱ्या दिवशी ठेकेदारानं कामावर लिंबू-मिरची टांगली, नारळ फोडला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "कामाच्या टायमाले बाया हाका मारत बसतेत, मंग असंच होते." सगळे तुझ्याकडे पाहत होते. मी तुझा शर्ट धरून उभी होते. तू मान हलवलीस. हो म्हणालीस, माय. ती हललेली मान मी अजून विसरले नाही, आणि त्या माणसाचा राग माझ्या मनातून आजही गेलेला नाही.

त्यानंतर तुझा आवाजच गेला म्हणायचा. बोलायचीस, पण जवळच्याला ऐकू येईल तेवढंच. इतर मुलांच्या आया संध्याकाळी दारातून ओरडायच्या, अख्खी गल्ली दणाणून जायची. तू मात्र भाकरी तव्यावरून उतरवून, चूल सांभाळायला शेजारणीला सांगून, मैदानापर्यंत चालत यायचीस आणि माझ्या खांद्याला हात लावायचीस. पोरी चिडवायच्या, तुझी आई मुकी आहे का गं? मला तुझी लाज वाटायची नाही, पण त्या पोरींना मारावंसं वाटायचं. दरवर्षी तू मला घेऊन वडनेरला जायचीस. खाटेच्या पायथ्याशी बसून मावशीचे पाय चोळायचीस, ज्यांना काही कळत नव्हतं. एकदा मावशीनंच विषय काढला. म्हणाली, "काय वं, गारीगार कोन्या रंगाचं घेनार होती माह्यासाठी?" आणि हसली, अगदी पहिल्यासारखी. तू नाही हसलीस. परतीच्या एसटीत खिडकीकडे तोंड करून म्हणालीस, "म्या हाक नसती मारली तं ती आज नातवंडं खेळवत असती." मलाही तसंच वाटायचं. ते मनात घेऊनच तू गेलीस.

तू गेल्यानंतरच्या उन्हाळ्यात बुलढाण्यात आम्हा ठेकेदारांना एका हॉलमध्ये बसवून बांधकाम कामगारांच्या सुरक्षेचा कायदा समजावून सांगितला. पंखे होते पण वारा नव्हता, निम्मे लोक पेंगत होते, मीही. एक अधिकारी कंटाळलेल्या आवाजात सांगत होते. जिथून माणूस पडू शकतो तिथे परांचीला कठडा हवा. चढायला धड शिडी हवी, गरज तिथे पट्टा आणि जाळी हवी. परांची आणि टेकू काम सुरू व्हायच्या आधी जाणत्या माणसानं तपासायला हवेत. प्यायला पाणी हवं, बसायला सावली हवी, बाया बऱ्याच असतील तर त्यांच्या लेकरांसाठी एक खोली हवी. खोलीचं ऐकून मला हसू आलं, आपलं स्वयंपाकघर कायद्यात होतं, माय! आणि हे सगळं पुरवायचं कोणी, तर काम करवून घेणाऱ्यानं आणि ठेकेदारानं. कामगारानंही जपून वागायचं, पण त्याच्या चुकीकडे बोट दाखवून ठेकेदाराला सुटता येत नाही. मी उभी राहिले. विचारलं, "साहेब, खालून कोणी हाक मारली आणि वरचा माणूस पडला तर?" त्यांनी पहिल्यांदाच मान वर केली. म्हणाले, "हाक मारली तर माणूस वळणारच ना, मॅडम? वळला तरी पडू नये, म्हणून तर कठडा."

त्यापुढचं मला काहीच ऐकू आलं नाही. बाहेर येऊन रसवंतीच्या बाकावर बसले, समोर रस आला, त्यातला बर्फ विरघळून गेला. तुझ्या कामाच्या दिवसांतही असा कायदा झालेला होता म्हणे, आपल्या साइटपर्यंत तो आला नव्हता एवढंच. कठडा नव्हता, माय. एक आडवी बल्ली बांधायची होती, तीही त्या ठेकेदाराच्या गोदामात पडलेली होती. तू मैत्रिणीला गारीगार खायला बोलावलंस, बस्स. हे तुला सांगायला मी रसवंतीवरून उठून निघालेसुद्धा होते. घराच्या वळणावर लक्षात आलं की सांगायला कोणी नाही.

आता आजचं ऐक. या घराचा पोर्च अंगणाच्या बाजूला पुढे आला आहे. तिथे खाली जोतं नाही, बल्ल्या थेट अंगणातल्या काळ्या मातीवर उभ्या आहेत. काल संध्याकाळी सगळं ठणठणीत होतं. सकाळी मुहूर्त, म्हणून घरच्या सुनेनं पहाटे उठून सडा टाकला. अंगण मोठं, धूळ फार, बादलीनं कुठवर पुरणार, म्हणून तिनं मोटारीची नळी लावली. या दिवसांत काळ्या मातीला भेगा पडलेल्या असतात, कितीही पाणी पितात त्या. वर तिनं प्रत्येक बल्लीच्या बुडाशी रांगोळीचं गोल कडं काढलं. हौसच तिची! मी आले तेव्हा टोळी हजर होती, नारळ तयार होता. नेहमीसारखी एकेका बल्लीला हात लावत निघाले, तर एका ठिकाणी रांगोळी आत गेलेली दिसली. मग दुसऱ्या ठिकाणी. बुडं मातीत बसली होती, वरच्या फळ्यांना झोल आला होता. त्यावर काँक्रीट आणि टोळीची माणसं चढली असती तर काय झालं असतं, ते मी तुला सांगायला नको.

मी काम थांबवलं. मालक काका म्हणाले, "मुहूर्त टळून राह्यला, बाई. थोडंसंच बसलं आहे, ठोकून घ्या न वरून." मी नाही म्हटलं. मग त्यांच्या बायकोचं लक्ष सुनेकडे गेलं. "तुले कोनं सांगतलं होतं वं येवढं पानी सोडाले? साऱ्या कामाचं वाटोळं केलं तुनं!" टोळी पाहत होती, पाहुणे पाहत होते. सून नळी हातात धरून उभी होती, आणि तिनं मान हलवली. अगदी तशीच, माय.

मी तुझ्याच बोलीत बोलले, आणि मोठ्यानं बोलले. "काकू, तिले काई बोलू नका. अंगनात पानी पडनारच. सडा पडन, लेकरू नळ उघडं ठेवन, अवकाळी येईन. बल्ल्यायच्या बुडी जाड फळ्या टाकाच्या होत्या, त्या माह्या मान्सायनं टाकल्या नाईत आन् काल म्या पाह्यल्या नाईत. कायद्यानं हे काम माहं हाय. चूक माही हाय, तिची नाई."

कुठलाही ठेकेदार मालकाच्या दारात असं बोलत नाही. काका म्हणाले, "मंग आता?" मी म्हटलं, पाणी बसू द्यायचं, बल्ल्या काढून खाली फळ्या घालायच्या, पुन्हा ठोकून-तपासून मगच स्लॅब. ते हं म्हणून आत गेले. पुढचं काम मला देतील असं वाटत नाही. रोडगे मात्र भाजलेले होते, ते टोळीला वाढले, आणि मुहूर्त टळल्याचं दुःख टोळीला तरी अजिबात झालेलं दिसत नाही.

मघाशी सून माझ्यासाठी ताट घेऊन जाळीच्या आत आली. रोडगा, वांग्याची भाजी, वरून तुपाची धार. ताट ठेवूनही गेली नाही. हळूच म्हणाली, "ताई, खरंच नाई न माह्यामुळं?" मी म्हटलं, नाही. ती तशीच उभी. मी पुन्हा म्हटलं, नाही गं बाई, अजिबात नाही. तेव्हा कुठे तिनं श्वास सोडला, चेहरा मोकळा झाला तिचा. मला फार बरं वाटलं आणि त्याच वेळी तुझा फार राग आला, की तू एवढ्यात का गेलीस.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, खिशातच राहील आणि घामानं भिजून जाईल. टोळी उठली आहे. एक जण वर चढून परांचीच्या टोकाला बसला आहे आणि त्याच्या पट्ट्याची कडी लावलेली नाही, इथून दिसतं आहे. परांचीला कठडा आहे, तो मी स्वतः हलवून पाहिला आहे. खालून एक आवाज दिला तर काम होईल. पण खरं सांगू, माय? कायदा मला तोंडपाठ आहे, त्या साहेबांचं बोलणं मला शब्दन् शब्द पटलेलं आहे, तरी उंचावरच्या माणसाला मी आजवर कधी हाक मारलेली नाही. कागद ठेवते. शिडी चढून त्याच्याजवळ जाते आणि हळू आवाजात सांगते.