उन्नतीची फरशी

शेलार, भिवंडी
४ फेब्रुवारी २०२५

ती. तुळजाताईस, भाविकाचा सा. न. वि. वि.

हे फोनवर बोलता येत नाही. उन्नती बाजूलाच असते आणि तिचे कान किती तिखट ते तुला माहीत आहे.

ताई, माझ्या पोरीची पाठ इतकी वाकलीय की डावं फुप्फुस दाबलं जातंय. स्नायूंत जन्मापासून जोर नाही, बाक वाढतच जाणार. डॉक्टर म्हणतात, पाठीत दोन सळ्या घालायच्या आणि त्या खाली कमरेच्या हाडात मोठ्या स्क्रूंनी पक्क्या करायच्या. नुसती पाठ बांधली तर कंबर तिरकीच राहील, पोर पुन्हा कलंडेल. हे केलं तर ताठ बसेल, श्वास मोकळा होईल. पण कंबर वळणार नाही, म्हणजे फरशीवरून घसटत फिरणं संपलं. स्वयंपाकघरात माझ्यामागे येते, दारापर्यंत जाते, तेवढंच तिचं स्वतःचं आहे गं. तिला फक्त पाठ सरळ होईल असं सांगितलंय. मनोज म्हणतात, बाकीचं नंतर बघू. मला वेड लागायची पाळी आलीय.

माया कमी करू नकोस.
भाविका

पेण
९ फेब्रुवारी

चि. सौ. भाविकास अनेक आशीर्वाद.

पत्र वाचलं. तुझ्या नवऱ्याला म्हणावं, मोठा शहाणा हायस! बारा वर्षांची पोर म्हणजे बोचकं न्हाय, उचललं नि ठेवलं. भूल उतरल्यावर कळलं तर जन्मभर तुझ्यावर विश्वास ठेवणार न्हाय ती. आधी सांग. तुला न्हाय जमलं तर मी येऊन सांगते. आणि दोन घास खात जा, तू आडवी पडलीस तर तिला कोण बघंल?

तुझ्या पाठीशी हाय, इसरू नको.
तुळजा

शेलार
२० मार्च

ती. ताईस सा. न.

सांगितलं. दवाखान्यात जाईपर्यंत ती घरभर घसटत राहिली, अंगणातसुद्धा गेली, ढोपरं सोलवटली. मग म्हणाली, "आई, सही कर. दम लागतो तेव्हा मला लय भीती वाटते."

ऑपरेशन नीट झालं. परवा घरी आणलं. खुर्चीत ताठ बसते, श्वास चांगला चालतो. मनोज तर बघतच राहिले. काल म्हणाली, मला खाली ठेव. नाही ठेवता येत, ताई.

आजवर तिचा एक हात सतत जमिनीला टेकलेला असायचा, नाहीतर पडायची. रडली तरी एकाच हातानं डोळे पुसायची. काल पहिल्यांदा दोन्ही हातांनी तोंड झाकून रडली. ते हात बाजूला करायची माझी हिंमत झाली नाही.

तुझ्या आधारावरच आहे.
भाविका