काळ्या चौकटीतल्या माणसाचा जबाब

प्रिय साडूभाऊ स्तामेन यांस,

डोंगरावरून सेव्दालिनचा, म्हणजे तुमच्या लेखी कैलासवासी झालेल्या सेव्दालिनचा, ताठ मानेनं नमस्कार (वाकायला डॉक्टरांनी मनाई केली आहे). तुमचा गुडघा कसा आहे? झोर्काताईंच्या टोमॅटोच्या बरण्या यंदा तरी फुटल्या नाहीत ना? इकडे तुमची मेहुणी मिंका बरी, शेळ्या बऱ्या, आणि माझं म्हणाल तर गावातल्या प्रत्येक विजेच्या खांबावर मी चिकटलेला आहे, तेव्हा तब्येत मोकळ्या हवेत आहे. भांडण नको म्हणून सहा आठवडे गप्प बसलो. आता भांडण हवं म्हणून लिहितो आहे.

डॉ. खारिझानोवाबाईंनी ऑपरेशनआधी मला समोर बसवून सगळं सांगितलं होतं, हे मान्य. छाती मधोमध उघडणार, पायातली शीर काढून तिच्यानं हृदयाला तीन नव्या वाटा करून देणार, हाड तारेनं बांधून टाकणार. मग म्हणाल्या, शंभरातल्या तिघाचौघांना रक्त थांबत नाही म्हणून पुन्हा उघडावं लागतं, तिसेक जणांचा ठेका बिघडतो, एखाद्याचं हाड जुळत नाही, आणि बाकीचे आपापले घरी जाऊन भाजी आणायला लागतात. मी म्हटलं, मला त्या भाजीवाल्यांत घाला. पण मी चाळीस वर्षं लग्नांत वाजवलेला माणूस, पानात वाढलेलं काही नको म्हणायची सवय नाही. सगळंच घेतलं. पहिल्या रात्रीच त्यांनी मला परत आत नेऊन परत उघडलं. चौथ्या दिवशी नर्स यंत्राकडे बघत धावत आली, म्हणाली, ‘‘आजोबा, तुमचा ठेका चुकतोय.’’ मी म्हटलं, ‘‘अगं पोरी, आमच्याकडचा सात मात्रांचा असेल, नीट मोज.’’ तिनं बिचारीनं मोजला. सातचा नव्हता, अकराचाही नव्हता. तेव्हा मात्र मी जरासा घाबरलो (झोर्काताई हे पत्र मोठ्यानं वाचतात हे मला ठाऊक आहे, त्यांनी हे वाक्य गाळावं).

आता तुमच्याकडे येतो. आपला छापखानेवाला पंधरा दिवस समुद्रावर जाणार, आणि सेव्दालिनचं नेमकं त्याच पंधरवड्यात काही झालं तर गावात खांबावर लावायला कागद नाही, ही काळजी तुम्हालाच पडू शकते. तुम्ही निधनाचे काळ्या चौकटीचे तीस कागद आधीच छापून घेतलेत, तारखेची जागा तेवढी कोरी ठेवलीत, आणि गठ्ठा मिंकाच्या कपाटात ठेवायला म्हणून बसच्या ड्रायव्हरकडे दिलात. मिंका तेव्हा तुमच्याबरोबर प्लोव्हदिवच्या दवाखान्यात. घराची किल्ली कुणाकडे? शेळ्यांना चारा घालणाऱ्या फीमाआजीकडे. गेली पन्नास वर्षं गावातला प्रत्येक मेलेला माणूस आजीनंच खांबाला चिकटवलेला आहे. कानामागे ती निळी पेन्सिल, हातात खळीचं डबडं. कागद छापून आलाय म्हणजे माणूस गेलाय, यात तिला शंका यायचं कारणच नव्हतं. कागद आधी आणि माणूस नंतर, असं आपल्या गावात आजवर कधी झालं होतं का? तिनं त्याच पेन्सिलीनं त्या दिवसाची तारीख घातली आणि दुपारपर्यंत मी चौकात, चर्चच्या दारावर, बसथांब्यावर आणि माझ्या स्वतःच्या फाटकावर लागलो. घंटाही वाजली. संध्याकाळी मिंकाचा फोन गेला तेव्हा माझ्या नावानं शिजवलेले गहू निम्म्या गावाच्या पोटात होते.

माणूस जिवंत निघाला म्हटल्यावर कागद काढावेत की नाही? आजी म्हणाली, एकदा लागलेला कागद हातानं फाडायचा नसतो, पाऊस फाडील. यंदा पाऊस नाही.

मला त्या कागदाचाही राग नाही, मजकुराचा आहे. ‘‘शांत, आज्ञाधारक, कधी कुणाच्या अध्यात ना मध्यात. हौसेने गायदा वाजवीत.’’ साडूभाऊ, हौसेनं? ज्या बकरीच्या कातड्याची ती गायदा, ती बकरी आपण दोघांनी मिळून सोलली, तुम्ही शेपटीकडून आणि मी डोक्याकडून. तुमच्या लग्नात मी ती फुगलेली कातडी पिशवी बगलेत दाबून सकाळपासून दुसऱ्या दिवशी उजाडेपर्यंत फुंकली, ती काय हौस म्हणून? आणि फोटो त्याच लग्नातला, कापलेला. माझ्या खांद्याशेजारी जो अर्धा कान दिसतो तो तुमचा आहे. सगळं गाव विचारतं, मयताबरोबर हा कोण?

तर तिसऱ्या आठवड्यात मी बसमधून उतरलो, छातीशी दवाखान्यातली उशी धरून (खोकताना ती आवळायची असते), आणि पहिल्याच खांबावर स्वतःला भेटलो. शांत आणि आज्ञाधारक. मिंका म्हणाली, ‘‘चल घरी, रागावू नकोस, टाके आहेत.’’ मी घरी गेलो, उशी ठेवली, गायदा उचलली आणि चौकात येऊन उभा राहिलो. चहाच्या किटलीपेक्षा जड काही उचलायचं नाही, बगलेत काही दाबायचं नाही, हे सगळं बाईंनी लिहून दिलं होतं. तो कागद माझ्या खिशातच होता. दोन चाली अशा वाजल्या की फीमाआजी खळीचं डबडं खाली ठेवून नाचली. तिसरीला सुरुवात केली आणि छातीत ‘टक्’ झालं.

तेव्हापासून मी टकटकतो. श्वास घेतला की टक्, कूस बदलली की टक्. मिंका म्हणते, ‘‘बरं झालं, मांजराला घंटा बांधल्यासारखं झालं, कुठल्या खोलीत आहेस ते कळतं.’’ खारिझानोवाबाईंनी छातीचा फोटो काढला. तारा सैल झाल्या, हाड जुळलेलं नाही. पुन्हा उघडून नव्यानं बांधायचं म्हणतात, येत्या मंगळवारी. नाही बांधलं तर गायदा कायमची खुंटीला, आणि आत पू झाला तर मीही. मी विचारलं, ‘‘शंभरातले किती नीट होतात?’’ बाई म्हणाल्या, ‘‘आजोबा, तुमच्या बाबतीत मी शंभराची भाषा सोडून दिली आहे.’’

तेव्हा सर्वांना कळावं म्हणून लिहितो: मी जाणार नाही. दोनदा उघडलेलं दार आहे, ही काय धर्मशाळा नव्हे. टकटकत जगेन. गेल्या शनिवारी आजीनं तारखेप्रमाणे माझा चाळिसावा दिवसही घातला. माझ्याच नावाचे गहू मी दोन वाट्या खाल्ले आणि तिसरी मागितली. ज्याला चाळिसाव्याला भूक लागते त्याला कुणी तारा बांधायला शिकवू नये. मिंका रडली तरी नाही, तुम्ही आलात तरी नाही, आणि आज्ञाधारक तर मुळीच नाही.

झोर्काताईंना नमस्कार. गुडघ्याला कोबीची पानं बांधा.

तुमचा, अजून असलेला,
सेव्दालिन

ता. क. झोर्काताई इथपर्यंत वाचून चष्मा काढतात, म्हणून पुढचं तुझ्या एकट्यासाठी. मंगळवारी सकाळी सातला. मी बाईंना हो म्हणून आलोय, मिंकाला अजून सांगितलेलं नाही. तू येऊन त्या बोळातल्या बाकावर बस. मागच्या वेळी माझी टोपी दिवसभर मांडीवर घेऊन बसला होतास, नर्स मागत होती तरी दिली नाहीस, हे मला मिंकानं सांगितलं. तशीच धर. मला आत जाताना तुझा तो कान दिसला पाहिजे.

आणखी एक. खांबांवरचे मी मोजले, एकोणतीस भरले. तिसावा तुझ्याकडे आहे, नाही म्हणू नकोस. फाडू नकोस, असू दे. फक्त ‘हौसेने’ खोड आणि फोटो गायदेसकटचा लाव. तुझा कान राहिला तरी चालेल. तारखेची जागा मात्र कोरीच ठेव. फीमाआजीची पेन्सिल मी बरोबर घेऊन येतोय.