जायफळाची कॉफी

मंगळवार, संध्याकाळ. मिसिसागा

आज हॅमिल्टनच्या लॅबमध्ये बॉस भलताच खुशीत होता. स्मृतिभ्रंशाच्या पेशंट्सच्या रक्तात एक पदार्थ कमी सापडलाय, निरोगी माणसांत तोच भरपूर. "ही आजाराची खूण असू शकते," म्हणाला. सगळ्यांनी माना डोलावल्या. अरे, तो पदार्थ कॉफीतून येतो, हे इथे कुणाला माहीत नाही? आणि या पेशंट्सची कॉफी घरचेच बंद करतात. झोपत नाहीत, घरभर फिरत बसतात, म्हणून.

मी विचारलं, "कॉफी आजाराने कमी केली, की मुलीने?"

तर म्हणे, "गुड पॉइंट. पेपरच्या शेवटी एक ओळ टाकू."

एक ओळ!

आमच्याकडे तरी वेगळं काय? पुण्याहून दादाचा हुकूम सुटला, आईची कॉफी बंद कर. त्याचं काय जातंय फोनवरून सांगायला? आई म्हणत होती, "अगं, जायफळ घातलंय, त्याने उलट झोप लागते." कोण ऐकतंय! बरं, बंद करून तरी झोपली का ती? उद्या तिचं रक्त मशीनमध्ये घातलं, तर तीही बॉसच्या आलेखात चपखल बसेल.

घरी आले ती विंटर जॅकेटसकट ओट्याशी. कॉफी केली, वर जायफळ किसलं, सढळ हाताने. आईने कप दोन्ही हातांत धरला. एक घोट घेतला, दाराकडे पाहिलं आणि हळूच मला म्हणाली, "बाई, तुम्ही फार चांगल्या आहात हो. फक्त माझ्या मुलीला सांगू नका."