कापलेले श्वास

प्रिय आत्या,

शिवणयंत्रावर बसून तू गायलेल्या गाण्यांची कॅसेट तू गेल्यावर आम्ही बँडसाठी घेतली. तुझा आवाज ड्रमच्या ठेक्यात बसेना, म्हणून ओळींमधले तुझे श्वास मीच कापायला लावले. वर गिटार चढवली, आणि लोकांनी आम्हाला डोक्यावर घेतलं.

आता कार्यक्रमात ओळ संपवून मी थांबलो, की बंद माइकमधून कुणीतरी धापा टाकतं. ड्रमर म्हणतो, "वायर गेली असेल." पण त्या माइककडे तो बघत नाही.

काल त्या धापेनंतर माझ्या तोंडून एक कडवं आलं. ते तू मला कधीच शिकवलं नव्हतंस. टाळ्या थांबेनात.

हे पत्र तुझ्या फोटोसमोर वाचणार होतो. नाही वाचत. मध्ये श्वास घ्यायला थांबलो, तर पुढचं तू वाचशील.

तुझाच भाचा,
कोकल्या