हिरव्या पेल्याआधी दिलेला शब्द

मामाजी,

काल नातीला पाहायला मंडळी यायची होती, अन् सगळ्यात आधी टपकले ते मुलाचे आजोबाच. वेळ चारची दिली होती, हे साडेतीनलाच ऑटोतून उतरले, एकटे, एका हातात काठी, दुसऱ्या हातात खव्याच्या जिलेबीचा पुडा, अन् मिशा अशा वळवलेल्या की दारातलं कुत्रं आपणहून बाजूला झालं. मी अजून पातळ बदललं नव्हतं. म्हटलं, या न भाऊसाहेब, बाकीची मंडळी? म्हणाले, "येऊन राहिली आहेत मागून, सदरच्या बाजारात फळं घ्यायला थांबली. मी मुद्दाम पुढे निघालो. ताई, तुमच्या सूनबाईंनी आमच्या गल्लीत चौकशी केली म्हणे. मग माझ्याच तोंडून ऐका. फौजेत होतो. रोज संध्याकाळी दोन पेग रम घेतो. दोनाचे तीन कधी झाले नाहीत, अन् दोनाचा एकही कधी झाला नाही." मी म्हटलं, आधी बसा तर खरं, पाणी घ्या. तर म्हणतात, "पाणी संध्याकाळी लागेल." मला असं हसू आलं, मामाजी, की पदर तोंडाशी धरावा लागला. आता कोणी म्हणेल, नात पाहायला आलेल्या माणसापुढे म्हातारीने हसावं काय. पण पाहणं तरी कशाचं? तुमची पणती अन् तो मुलगा एकाच बँकेत कामाला आहेत, दोघांनी एकमेकांना केव्हाचं पाहून ठेवलं आहे. अडलं होतं ते फक्त आमच्या सूनबाईपाशी. तिचं एकच म्हणणं, दारूच्या घरात मुलगी देणार नाही. महिनाभर तेच. पोरगी रडत नव्हती, भांडत नव्हती, नुसती ताटातलं अन्न इकडचं तिकडे करत होती, ते मला पाहवत नव्हतं.

अन् गंमत पहा. परवा सकाळी सूनबाई मला हे पुन्हा ठणकावून सांगत होती, "आई, रोज पिणारा माणूस ज्या घरात आहे, त्या घरात नको म्हणजे नको," अन् सांगता सांगता हात काय करून राहिले होते? पाट्यावर भांग वाटून राहिले होते. होळीनंतरचे दिवस आहेत न, रंगपंचमीपर्यंत आपल्याकडे ठंडाईच्या दोन सुरया भरलेल्या असतात, एक पांढरी साधी, एक हिरवी भांगेची, ती रीत तुमच्यापासूनची, तिने एक वर्षही मोडली नाही. मी म्हटलं, अगं, अन् हे काय आहे? तर म्हणते, "हे काय नशा आहे का? हा तर महादेवाचा प्रसाद." अच्छा, मी म्हटलं. अन् मला एकदम तुम्ही दिसलात. त्याच पाट्यापुढे बसलेले, बाह्या वर केलेल्या, बाजूला मिरी, बडीशेप, खरबुजाच्या बिया, अन् कोणी मदतीला हात पुढे केला की म्हणायचे, "हट, वरवंटा उचलला की पाटा चिकटून वर आला पाहिजे, ते बायकांच्या घाईचं काम नाही."

मी तर दोन्ही नशा जवळून पाहिल्या, मामाजी. लग्नाआधी बाबांच्या दारूच्या घरात, लग्नानंतर सासऱ्यांच्या, म्हणजे तुमच्या, भांगेच्या. पाकिस्तानची पासष्टची लढाई झाली ते वर्ष आठवतं. दारूगोळ्याच्या कारखान्यात ओव्हरटाइम इतका की भोंगा कोणत्या पाळीचा वाजला हे कोणाला कळत नसे. माझे बाबा अन् तुम्ही एकाच शॉपमध्ये, म्हणजे कारखान्याच्या एकाच विभागात, अन् सुट्टी झाली की क्वार्टरांसमोरच्या पुलियावर, नाल्यावरच्या त्या छोट्या पुलाच्या कठड्यावर, दोघं बसता. मी खिडकीतून पाहते आहे. बाबांच्या हातात रुमालात गुंडाळलेली शिशी, कोणा फौजी ओळखीच्याने कॅन्टीनमधून दिलेली रम. तुमच्या हातात पितळेचा लोटा. बाबांचा वास कोपऱ्यावरून यायचा, तुमचा कधीच काही वास आला नाही. बाबांचा आवाज हळूहळू चढत जायचा, तुमचा उतरत जायचा. थोड्या वेळाने बाबा उभे राहून भाषण करताहेत अन् तुम्ही आपल्याच चपलेकडे पाहून हसताहात, असं चित्र. मग बाबा रडायचे, मेलेल्या भावाची आठवण काढून. अन् तुम्हाला भूक लागायची. आईने एकदा माझ्या हातून गुळाच्या पोळ्या पाठवल्या, तर ताट माझ्या हातातून घेता घेताच अर्धं रिकामं. मी घरी येऊन म्हटलं, आई, ते शेजारचे काका खातात की वाहून नेतात ग.

पण खरा फरक दुसराच होता, तो मला फार उशिरा समजला. दारू प्यालेले बाबा शब्द देत सुटायचे. मला सायकल, आईला रेडिओ, शेजाऱ्याच्या मुलाला नोकरी. सकाळी एकही आठवत नसे, अन् कोणी आठवण दिली की मान खाली. तुम्ही मात्र लोटा तोंडाला लावला की हो म्हणायचे नाही अन् नाहीही म्हणायचे नाही. कोणी काही विचारलं तर एकच, "सकाळी विचार." लोक हसायचे. तुम्ही म्हणायचे, बारुदीच्या कामाला अन् शब्द द्यायला माणूस कोरडा पाहिजे, ओला हात दोन्हीकडे घात करतो.

अन् एका संध्याकाळी बाबांनी मलाच देऊन टाकलं. त्यांच्या शॉपमध्ये एक चार्जमन होता, म्हणजे साहेबच, बायको वारलेली, वयाने माझ्या मामाएवढा. तो त्या दिवशी पुलियावर येऊन बसला, त्यानेही घेतली, अन् बाबा त्याच्या गळ्यात पडून म्हणाले, माझी मुलगी तुझी. झालं. दुसऱ्या दिवशी हा नारळ अन् पेढे घेऊन दारात. बाबांना काही आठवेना, पण शॉपच्या चार माणसांनी ऐकलं होतं. आई चुलीपाशी बसून पदराने नुसते डोळे पुसते आहे. बाबा म्हणाले, "शब्द गेला, आता काय करू, साहेब आहे तो." तेव्हा तुम्ही कामावर निघालेले, सायकल आमच्या दारात टेकवून आत आलात. म्हणालात, "अरे, नशेत दिलेला शब्द दिलेलाच नसतो. आज घेऊ नको. उद्या सकाळी चहा झाल्यावर, कोरड्या तोंडाने, पुन्हा देता येतो का पहा. आला तर दे." बाबा त्या संध्याकाळी पुलियावर गेले नाहीत. सकाळी चहा झाला. त्यांनी मला हाक मारली, समोर बसवलं, अन् जन्मात पहिल्यांदा विचारलं, "तुला काय वाटतं ग?" मी म्हटलं, नाही. एवढंच म्हटलं. बाबांनी नारळ परत नेऊन दिला. त्या साहेबाने मग कितीतरी दिवस त्यांना सगळ्यात वाईट पाळी लावली, बाबांनी कुरकुर केली नाही. मला वाटतं, त्या वर्षी बाबा सगळ्यात उंच दिसत होते.

मग तेच बाबा तुम्हाला म्हणाले, बरं, मग तुझ्या मुलाला करून घेतो का हिला? अन् कधी विचारावं? संध्याकाळी. तुमचा लोटा अर्धा झालेला. तुम्ही हसला अन् म्हणालात, "सकाळी विचार." मी खिडकीत उभी, जिवाचे कान करून ऐकते आहे, अन् मला असा राग आला तुमचा. वाटलं, या माणसाला सकाळी काही आठवणार नाही, भंगेडीच तो. पण दुसऱ्या दिवशी भोंग्याच्याही आधी दाराची कडी वाजली. तुम्ही, कामाचे कपडे घातलेले, केस ओले, नर्मदेवर बुडी मारून आलेले. बाबा डोळे चोळत बाहेर आले. तुम्ही म्हणालात, "हं, आता विचार."

चलो, मी तुमची उगाच आरती ओवाळत नाही. तुमच्या घरी आल्यावर भांगेचं दुसरं अंगही पाहिलं. सासूबाईंना तुम्ही नर्मदेच्या ग्वारीघाटावर विसरून आला होतात, आठवतं? दोघं सायकलीवर गेले, येताना तुम्ही एकटेच, गाणं म्हणत. मी विचारलं, सासूबाई? तुम्ही मागच्या कॅरिअरकडे पाहिलं अन् म्हणालात, "आत्ता तर होत्या." त्या टांग्याने आल्या, तीन दिवस बोलल्या नाहीत, अन् चौथ्या दिवशी मला पीठ मळता मळता म्हणाल्या, "दारूवाला बायकोला रडवतो, भांगवाला बायकोला विसरतो. कोणतं बरं, ते मी अजून ठरवलं नाही." अन् बांगलादेशच्या लढाईत, ब्लॅकआऊटच्या दिवसांत, खिडक्यांना काळे कागद लावलेले, अन् तुम्ही अंगणात उभे राहून गल्लीतल्या वॉर्डनला दटावून राहिले, "भैया, वो ऊपरवाली बत्ती कौन बुझाएगा?" वॉर्डन बिचारा वर पाहतो तर पुनवेचा चंद्र. तुमचा मुलगा, म्हणजे माझा नवरा, लाजून घरात शिरला. त्याने तर हेही घेतलं नाही अन् तेही नाही, फक्त चहा, पण चहा जरा पातळ झाला की घर डोक्यावर. म्हणजे काही न घेणाऱ्यालाही मी पूर्ण गुण देत नाही. बाबांचे मात्र शेवटी डोळे हळदीसारखे पिवळे झाले, पोट फुगलं, अन् तेव्हाही ते मला सायकलच कबूल करत होते. मी हो म्हणायची. तुम्ही त्यांच्या उशाशी बसायचे, संध्याकाळ झाली तरी लोट्याला हात न लावता. ते मी पाहिलं होतं, कधी बोलले नाही.

तर काल. बाकीची मंडळी आली, पोहे झाले, सूनबाईचं तोंड घट्ट मिटलेलं. मुलाच्या आजोबांनी सगळ्यांसमोर पुन्हा तेच सांगितलं, दोन पेग, फौजेतली सवय.  पोरगी स्वयंपाकघराच्या दारात, हातात ट्रे, डोळे आईकडे. सूनबाईने हिरवी ठंडाई पुढे केली तर आजोबा दचकून मागे सरले. "भांग? नको हो. त्याने माणूस येडा होतो. आमच्या पलटणीत एकजण दिवसभर आपला बूट शोधत होता, पायातच होता." सूनबाई म्हणाली, "अन् रमने शहाणा होतो काय?" ते म्हणाले, "शहाणा नाही, पण बूट सापडतो." पहिल्यांदा ती हसली. मग सगळेच हसले, पाहुण्यांतल्या बायकांनी पांढरे पेले घेतले, सूनबाईने हिरवा घेतला, अन् पाऊण तासाने चेहरा असा सैल झाला की पाहत राहावं. आजोबांच्या मिशांकडे पाहून हसते आहे, अन् एकदम म्हणते, "जाऊ द्या हो, हो म्हणते मी. दिली मुलगी." पोरीचा चेहरा उजळला. सगळे उठले. जिलेबीचा पुडा सुटला.

अन् मी म्हटलं, थांबा. मामाजी, मलाच माझा आवाज ओळखू आला नाही. म्हटलं, या घरात हिरव्या पेल्यानंतरचा शब्द धरत नाहीत. सकाळी विचारू. पोरीने माझ्याकडे पाहिलं, मी कधी तुमच्याकडे खिडकीतून पाहिलं होतं न, अगदी तसं. मला भीती एवढीच, की सकाळी सूनबाई पुन्हा नाही म्हणाली तर ही मला जन्मभर माफ करणार नाही. मुलाची आई नाराज झाली, हे काय नवीन, म्हणाली. आजोबांनी मात्र घड्याळ पाहिलं. सूर्य अजून वर होता. काठी टेकून उठले अन् म्हणाले, "बरोबर आहे ताई. फौजेतही रात्रीचा हुकूम सकाळी पुन्हा वाचतात. मी आज अजून घेतली नाही, म्हणून माझा शब्द आत्ताच घ्या. आम्ही परत येतो. सकाळी येतो, सगळे कोरडे."

आज सकाळी सूनबाई उठली, डोकं जड, चहा टाकला. मी समोर पाट घेऊन बसले. चहा गाळता गाळता तीच म्हणाली, "आई, काल मी हो म्हटलं होतं का?" म्हटलं, हो. तिने गाळणी धुवून ठेवली. मग म्हणाली, "त्यांनी लपवलं तर नाही न. माझ्या माहेरी सगळे पिऊन लपवायचे." अन् पोरीला हाक मारली, समोर बसवलं, अन् विचारलं, "तुला काय वाटतं ग?" मी तिथून उठून अंगणात आले, कारण बाबांचं तेच वाक्य जन्मात दुसऱ्यांदा ऐकून मला तिथे बसवेना. पण कान आतच होते. पोरीने हो म्हटलं, अन् सूनबाईने कोरड्या तोंडाने हो म्हटलं.

हे पत्र कोणत्या पत्त्यावर टाकू, मामाजी, म्हणून ते पाट्याखालीच ठेवून देते, तिथे तुम्ही बसायचे. अन् एक सांगून टाकते, सूनबाईला सांगू नका. काल सगळ्यांची नजर चुकवून अर्धा हिरवा पेला मीही घेतला होता, अन् थांबा म्हणायच्या आधीच मनातल्या मनात हो म्हणून बसले होते. म्हणून आज सकाळी, चहा झाल्यावर, पुन्हा एकदा हो म्हटलं. मंडळी रंगपंचमीला येतो म्हणाली आहेत, सकाळी, हिरव्या पेल्याच्या आधी.